धरणाचा कांठ सुरक्षित कसा करावा?

धरणाच्या पाण्याचा हिशोब आपण शेतकरी लोक बारकाईनें ठेवतों. साठा किती झाला, आवर्तन केव्हां सुटणार, आपल्या चारीस पाणी किती दिवस मिळणार, यांची चर्चा गांवोगांव चालते. परंतु त्या पाण्याच्या कांठीं उतरणारा मनुष्य कोण, तो कोठून उतरतो आणि सुखरूप परत येतो कीं नाहीं, याचा हिशोब कोणी ठेवीत नाहीं. हा विषय सहलीस जाणाऱ्या शहरवासीयांचा आहे, शेतकऱ्यांचा नव्हे, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें हा विषय प्रथम कांठच्या शेतकऱ्याचा आहे. कारण वाट त्याच्या बांधावरून जाते, हांक त्याच्या कानीं पडते, आणि त्या हांकेसरशी पाण्यांत उडी घेणारा बहुधा त्याच्याच घरचा तरुण असतो. म्हणून या विषयाचा सांगोपांग विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

नाशिक जिल्ह्यांतील जलाशय

आपला जिल्हा धरणांचा जिल्हा आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा गेल्या शतकाच्या आरंभींचा. दारणा नदीवरील नांदगांवचें धरण १९१६ सालचें. गोदावरीवरील गंगापूर धरण १९६५ सालीं पुरें झालें. तें मातीचें असून त्याची लांबी ३,९०२ मीटर, म्हणजे चार किलोमीटरांस थोडी कमी, आणि उंची सुमारें साडेछत्तीस मीटर आहे. त्याच्या वरच्या अंगास काश्यपी व गौतमी-गोदावरी हीं धरणें मागाहून झालीं. याखेरीज आळंदी, वालदेवी, मुकणे, भावली, वाघाड अशीं लहानमोठीं धरणें आहेतच.

हीं सर्व धरणें सिंचनासाठीं व पिण्याच्या पाण्यासाठीं बांधलीं गेलीं. विहारासाठीं एकही बांधलेलें नाहीं. तथापि जेथें विस्तीर्ण पाणी आहे तेथें माणूस ओढला जातो, हा मनुष्यस्वभाव आहे. नाशिक शहर वाढत वाढत गंगापूरच्या जवळ आलें; तेथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब झाला; नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीस २०२० सालीं रामसर यादींत स्थान मिळून पक्षी पाहणारांची रीघ लागली. पाहुणे आतां यावयाचे थांबणार नाहींत. त्यांना येऊं द्यावें कीं न द्यावें हा प्रश्न उरला नसून, ते कोठून यावेत व कसे परत जावेत, एवढाच प्रश्न उरला आहे.

बंदीची पाटी पुरेशी आहे काय?

बहुतेक जलाशयांवर ‘पाण्यांत उतरण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी दिसते. पाटी असावी, याविषयीं वाद नाहीं. पण ती लावली म्हणजे कर्तव्य संपलें, ही समजूत घातक आहे. एप्रिल २०२१ मध्यें नाशिकजवळील वालदेवी धरणावर सहलीस गेलेलीं सहा मुलेंमुली बुडून मरण पावलीं. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. या दोन्ही ठिकाणीं माणसें एकटीं नव्हतीं. सोबतीस आप्त होते, मित्र होते. सोबत असूनही मरण आलें, कारण पाण्याचें ज्ञान नव्हतें व हाताशीं साधन नव्हतें.

चार किलोमीटर लांबीच्या बांधावर आणि कित्येक पटींनीं अधिक लांबीच्या कांठावर पहारा ठेवणें कोणाही खात्यास शक्य नाहीं. सरसकट बंदी केली म्हणजे लोक चौकी चुकवून आडवाटेनें, म्हणजे जेथें कोणाची दृष्टि नाहीं अशा जागीं, उतरतात. त्यापेक्षां दहा वाईट जागा बंद करून एक चांगली जागा उघडी ठेवणें अधिक शहाणपणाचें आहे. बंदी पाळली जावी असें वाटत असेल तर जवळच एक परवानगीची जागा दिली पाहिजे, हें आमच्या विवेचनाचें मुख्य सूत्र आहे.

धोका कोठें दडलेला असतो?

नदीचें पाणी वाहतें म्हणून मनुष्य त्यास भितो. धरणाचें पाणी स्थिर दिसतें म्हणून त्यास फसतो. त्या स्थिर पाण्याखालीं काय असतें, हें कांठच्या शेतकऱ्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें.

पहिली गोष्ट, बुडीत जमिनीचा उतार सारखा नसतो. गुडघाभर पाण्यांतून चाललेला मनुष्य जुन्या नदीच्या थडीवर किंवा ओढ्याच्या कडेवर पोंचला कीं, पुढचें पाऊल दोन पुरुष पाण्यांत पडतें. बुडालेल्या मळ्यांतील जुन्या विहिरी, झाडांचे बुंधे व दगडी बांध हेही पाण्याखालीं तसेच असतात.

दुसरी गोष्ट गाळाची. पाणी ओसरलें म्हणजे जी गाळपेर जमीन आपण कसतों, ती वरून कोरडी व भेगाळलेली दिसली तरी पाण्याच्या कडेस आंतून लोण्यासारखी मऊ असते. तींत पाय मांडीपर्यंत रुतला कीं धडपडीनें तो अधिकच रुततो. गुरें अशा जागीं अडकलेलीं आपण पाहिलीं आहेत. माणसाचीही तीच गति होते.

तिसरी गोष्ट, पाण्याची पातळी. ऑगस्टमध्यें जेथें चार हात पाणी असतें तेथें एप्रिलांत धूळ उडते. त्यामुळें गेल्या खेपेस सुरक्षित ठरलेली जागा या खेपेस तशी असेलच असें नाहीं. पावसाळ्यांत याच्या उलट होतें: धरणाचा विसर्ग सुरू झाला म्हणजे खालच्या पात्रांत, सोमेश्वरच्या धबधब्यासारख्या जागीं, खडकांवर बसलेल्या माणसांच्या भोंवतीं पाणी चढत जातें आणि परतीची वाट आधीं बुडते.

चौथी गोष्ट, दगडी अस्तराची. बांधाच्या पाण्याकडील बाजूस लाटांपासून रक्षणासाठीं जें दगडी पिचिंग असतें, त्यावर शेवाळ धरतें. तेथें उतरणें सोपें, पण वर येणें अवघड. ओल्या हातास धरावयास कांहींच मिळत नाहीं. अस्तर केलेल्या कालव्यांचीही हीच स्थिति आहे, आणि त्यांत प्रवाहाची भर पडते.

उतरण्याची जागा कशी निवडावी व बांधावी?

आपल्या पूर्वजांस हा प्रश्न नवा नव्हता. गोदावरीवर रामकुंडापासून पुढें जे घाट बांधले गेले, त्यांचा हेतु पुण्याप्रमाणेंच सुरक्षितताही होता. पायरी म्हणजे पाण्याची मोजपट्टी. मनुष्य एकेक पायरी उतरतो, तेव्हां किती खोल गेलों हें त्याच्या पायास कळतें. तेथेंच नदींत उभा असलेला दुतोंड्या मारुती हा नाशिककरांचा पूरमापक आहे. पाणी मारुतीच्या कोणत्या अंगास लागलें एवढें ऐकलें कीं अडाणी मनुष्यासही पुराची कल्पना येते. पायरी व खूण या दोन्ही गोष्टी आपल्या जलाशयांच्या कांठीं आणल्या पाहिजेत.

जागा निवडतांना पुढील गोष्टी पाहाव्या. जमीन मुरमाची किंवा खडकाची असावी; काळ्या मातीची किंवा गाळाची नसावी. मूळ बांध, सांडवा, दरवाजे व विमोचक यांपासून ती पुष्कळ दूर असावी. उन्हाळ्यांत पाणी खालीं गेलें असतां तिचा तळ चालून पाहावा, खड्डे व विहिरी बुजवाव्या, बुंधे काढावे. हें काम पाणी चढल्यावर करतां येत नाहीं, म्हणून एप्रिल-मे हाच त्याचा हंगाम.

पायऱ्या रुंद व ठेंगण्या असाव्या. सुमारें दीड फूट रुंदी व अर्धा फूट उंची लहान मुलांस व वृद्धांस सोईची पडते. बाजूस धरण्यासाठीं लोखंडी कठडा किंवा सांखळी असावी. मात्र एक गोष्ट विसरूं नये. केवळ पूर्ण भरलेल्या पातळीस घाट बांधला तर हिंवाळा सरतां सरतां तो कोरडा पडेल आणि लोक त्याच्या पुढील चिखलांत उतरतील. तेव्हां पायऱ्या किंवा खडबडीत उतार खालच्या पातळीपर्यंत नेला पाहिजे. पाण्यांत ज्या रेषेच्या पुढें जाऊं नये तेथें तरंगत्या पिंपांची दोरी बांधावी, व पातळी उतरेल तशी ती दर पंधरवड्यास सरकवावी. कांठावर रंगीत पट्ट्यांचा खांब रोवून गुडघा, कंबर व डोकें यांच्या खुणा कराव्या, म्हणजे न वाचतां येणारासही त्या समजतील.

वाट आणि जमीनधारकाचा हक्क

आतां आपल्या वाचकांस ज्याची विशेष काळजी वाटते त्या गोष्टीकडे वळूं. बुडीत क्षेत्र शासनाचें असतें, पण तेथवर पोंचण्याची वाट पुष्कळदां खासगी शेतांतून जाते. पाहुण्यांच्या मोटारी बांध मोडतात, द्राक्षबागेंत कोणी शिरतो, बाटल्या फुटून बैलाच्या खुरांत कांच जाते. या तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्यांवर शेतकऱ्यानें कांटे टाकून वाट बंद करणें हें स्वाभाविक आहे. परंतु वाट बंद केली म्हणजे पाहुणा दुसऱ्याच्या शेतांतून जातो, आणि अपघात घडला असतां रुग्णवाहिकाही अडते.

कायद्याची स्थिति अशी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १४३ अन्वयें बांधावरून जी वाट मिळते ती शेतकऱ्यास आपल्या शेतांत जाण्यासाठीं. सहलीच्या लोकांस त्या कलमानें हक्क मिळत नाहीं. दुसरें असें कीं, भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, याप्रमाणें दीर्घ वहिवाटीनें हक्क उत्पन्न होतो तो हक्क म्हणून केलेल्या अखंड वहिवाटीनें. मालकाच्या परवानगीनें झालेल्या वापरानें नव्हे. म्हणून ज्याच्या जमिनींतून वाट द्यावयाची त्यानें ग्रामपंचायतीशीं मुदतीचा लेखी करार करावा. वाटेची रुंदी, वापराची वेळ, कुंपणाचा खर्च व मोबदला त्यांत नमूद करावा. अशा करारानें हक्क जाईल ही भीति उरत नाहीं. उलट आज जी वाट फुकट तुडविली जाते तिचा मोबदला मिळतो. राज्य शासनानें २०२० सालीं कृषि पर्यटन धोरण जाहीर केलें आहे. वाहनतळ, न्याहारी, पेरू-द्राक्षांची विक्री यांतून कांठच्या कुटुंबास चार पैसे मिळणें अशक्य नाहीं.

वाटेची रुंदी हीही जिवाची बाब आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजीं नाशिकच्या कुंभमेळ्यांत रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन अनेक यात्रेकरू मरण पावले. ते पाण्यांत बुडाले नाहींत, पाण्याच्या वाटेवर मेले. सुटीच्या दिवशीं जेथें गर्दी होते तेथें जाण्याची व परतण्याची वाट निरनिराळी असावी, आणि मोटारी कांठापासून दूर उभ्या कराव्या, हा त्यापासून घेण्याचा धडा आहे.

धरणाची व पाण्याची निगा

लोकांस कांठ मोकळा करतांना मूळ धरणास धक्का लागतां कामा नये. मातीचें धरण हें सजीव वस्तूसारखें जपावें लागतें. पिचिंगचे दगड उपसणें, उतारावर पायवाटा पाडणें, माथ्यावरून जड वाहनें नेणें, झाडें वाढूं देणें, हीं सर्व त्यास अपायकारक आहेत. पायवाटेच्या ओघळींतून पावसाचें पाणी भराव कापतें. १२ जुलै १९६१ चें पानशेत महाराष्ट्र विसरलेला नाहीं. धरण सुरक्षितता अधिनियम, २०२१, यानें मोठ्या धरणांच्या तपासणीची व आपत्तीच्या योजनेची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती योजना कांठच्या व खालच्या गांवांस समजावून सांगण्याची मागणी आपण केली पाहिजे.

शिवाय गंगापूरचें पाणी नाशिक शहर पितें. जेथें लोक येतील तेथें शौचालय व कचऱ्याची सोय पाण्यापासून दूर असलीच पाहिजे. मोटारी धुणें व साबण लावून स्नान करणें यांस बंदी असावी. ही बंदी मात्र पाळली जाईल, कारण नेमक्या जागीं नेमका माणूस देखरेखीस असेल.

बुडणारास कसें वांचवावें?

बुडणारा मनुष्य बहुधा ओरडत नाहीं. त्याचें तोंड पाण्याच्या वर-खालीं होतें, हात बाजूस पाणी दाबतात, आणि हांक मारण्यास श्वास उरत नाहीं. कांठावरील लोकांस तो खेळत आहे असें वाटतें. हें लक्षण घरोघरीं माहीत झालें पाहिजे.

त्याला धरावयास जाणारा पोहणाराही त्याच्या मिठीनें बुडतो. एकामागें दुसरा जाऊन तिघेचौघे मरण्याचें कारण हेंच. म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम मदतीस हांक मारावी; मग कांठावर पालथें पडून काठी, बांबू, धोतर किंवा साडी पुढें करावी; तें पोंचत नसेल तर तरंगणारी वस्तु दोरीसह फेंकावी; पाण्यांत उतरणें हा शेवटचा उपाय, आणि तोही शिकलेल्यानेंच व तरंगतें साधन हातीं घेऊन करावा. पूर्वी पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस विहिरीवर वाळका भोपळा बांधीत. तें तत्त्व आजही खरें आहे. घट्ट झांकणाचा वीस लिटरांचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा सुमारें वीस किलोचा भार तोलतो, आणि पाण्यांतील माणसाचें डोकें वर ठेवण्यास याहून पुष्कळ कमी आधार पुरतो. असा डबा व पंधरा मीटर दोरी प्रत्येक उतारावर टांगलेली असावी.

बाहेर काढल्यावर त्यास उलटा टांगणें, गरगर फिरविणें किंवा पोट दाबणें हे जुने उपाय सोडून द्यावे. त्यांत मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर सपाट जमिनीवर उताणा निजवून, हनुवटी वर करून, नाक दाबून प्रथम दोन ते पांच श्वास तोंडानें द्यावे. नंतर छातीच्या मध्यावर तळहात ठेवून मिनिटास १०० ते १२० या वेगानें, पांच-सहा सेंटिमीटर खोल, तीस दाब द्यावे. मग दोन श्वास. आणि हा क्रम मदत येईपर्यंत चालूं ठेवावा. दुसऱ्या कोणी लगेच १०८ क्रमांकास बोलवावें. शुद्धीवर आलेल्यासही दवाखान्यांत नेलेंच पाहिजे.

प्रत्यक्ष आपल्या शेतांतील जलाशय

सरकारी धरणाविषयीं बोलतांना आपल्या शेततळ्याकडे दुर्लक्ष करणें शोभणार नाहीं. ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना २०१६ सालीं आली, आणि आपल्या जिल्ह्यांत द्राक्षबागांच्या आधारासाठीं प्लॅस्टिक अस्तराचीं शेततळीं पुष्कळ झालीं. हें अस्तर ओलें झालें म्हणजे त्यावर मांजरासही चढतां येत नाहीं. तेथें पाटी नाहीं, पहारा नाहीं, आणि आसपास खेळणारें मूल आपलें किंवा आपल्या सालदाराचें असतें. चारी बाजूंस तारेचें कुंपण व कुलुपाचें फाटक. प्रत्येक बाजूस कांठावरील खुंट्यास बांधून तळापर्यंत सोडलेली, हातभर अंतरावर गांठी मारलेली दोरी. आणि जवळच वर सांगितलेला डबा. एवढें तरी प्रत्येकानें करावें. ज्यानें आपलें तळें सुरक्षित केलें नाहीं त्याला धरणाविषयीं शासनाकडे बोट दाखविण्याचा अधिकार पोंचत नाहीं.

हें काम कोणी करावें?

बुडण्याचे मृत्यु टाळतां येतात, हें आतां जगानें मानलें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें २०२१ सालीं याविषयीं ठराव करून २५ जुलै हा दिवस त्या कार्यास वाहिला. जागतिक आरोग्य संघटना जे उपाय सुचविते त्यांत पाण्यापाशीं अडसर घालणें, लहान मुलांवर देखरेख ठेवणें, शाळेच्या वयांत पोहणें शिकविणें आणि सामान्य लोकांस बचाव शिकविणें, हे प्रमुख आहेत. यांपैकीं एकासही मोठें यंत्र लागत नाहीं, संघटना लागते.

आणि संघटनेविषयीं नाशिक जिल्ह्यानें महाराष्ट्रास धडा घालून दिलेला आहे. ओझर येथें १९९० नंतरच्या दशकांत पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या, आणि पुढें वाघाड प्रकल्पाचें वाटप शेतकऱ्यांनीं आपल्या हातीं घेतलें. राज्याच्या २००५ सालच्या कायद्यानें सिंचनाच्या व्यवस्थापनाचा हा मार्ग सर्वांस मोकळा केला. ज्या संस्था पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजून वांटूं शकतात, त्यांना एक उतार, एक दोरी व एक रखवालदार संभाळणें जड जाऊं नये. जलसंपदा विभागाची लेखी संमति, ग्रामपंचायतीचा ठराव, जमीनधारकाचा करार आणि पाणी वापर संस्थेची देखरेख, हीं चार अंगें जुळलीं कीं काम उभें राहतें. वाहनतळाचें शुल्क रखवालदाराच्या वेतनास लावावें. रखवालदार गांवचाच, पोहणारा व प्रथमोपचार शिकलेला असावा.

आरंभ लहान करावा. येत्या उन्हाळ्यांत पाणी खालीं गेल्यावर प्रत्येक कांठच्या गांवानें आपल्या जाणत्या वृद्धांस व शाळेच्या शिक्षकांस घेऊन एकदां कांठ चालावा, विहिरी व थडी कोठें आहेत त्या जागांचा नकाशा करावा, आणि एक चांगली जागा ठरवावी. त्याच सुटींत दहा वर्षांवरील मुलामुलींस पोहणें व दोरी फेंकणें शिकवावें. पाऊस पडून तो नकाशा पाण्याखालीं जाण्यापूर्वी एवढें झालें, तर पुढील वर्षीं कांठावरून हांक आली असतां धांवणाऱ्या तरुणाच्या हातीं निदान एक डबा व एक दोरी तरी असेल.